काळी कोंबडी, निळी कोंबडी आणि माझी एक जुनी बातमी

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा. पण ज्यांच्या घरात कोंबड्यांचा धंदा टाकायचं चाललंय, त्यांनी मात्र आजच वाचा.

परवा पवन मावळातला एक तरुण भेटायला आला. मोबाईल काढला आणि एकेक फोटो दाखवायला लागला. कापसासारख्या पिसांची सिल्की, पायापर्यंत पिसं असलेली ब्रह्मा, डोक्यावर फुलोरा असलेली पोलिश, राखाडी-निळ्या रंगाची कोचीन. म्हणाला, "दादा, धरणाकडेच्या फार्महाऊसवाल्यांना आणि लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांना अशा कोंबड्या लॉनवर पाहिजेत. निळ्या रंगाची जोडी आठ हजाराला सांगतायत. मी दोन लाखाचं कर्ज काढतोय. तुम्ही फक्त एक बातमी लावा."

मी म्हणालो, बातमी नंतर बघू, आधी चहा घे. कारण अशीच एक बातमी मी २०१८ साली लावली होती. कडकनाथवर. मथळा होता 'काळ्या कोंबडीने उजळले नशीब'. एका शेतकऱ्याच्या शेडवर गेलो, फोटो काढले, त्यानं सांगितलेले भाव जसेच्या तसे छापले. अंडं पन्नास रुपये, मटण हजार रुपये किलो. डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं की बातमीत 'किती' विचारून थांबू नका, 'कोणाला' हेही विचारा. मी 'किती' विचारलं. 'कोणाला विकतोस' हे विचारलं नाही. पुढे वर्षभरानं एका लग्नात एक ओळखीचे गृहस्थ भेटले. शांतपणे म्हणाले, "तुमचं कात्रण मी पाकिटात ठेवलं होतं." त्यांचे ७५ हजार एका कंपनीत अडकले होते. ते अजून आलेले नाहीत. त्या वाक्याचं ओझं आहे, म्हणून हा सगळा इतिहास.

सुरुवात आपल्या अंगणापासून करू. माझ्या आजीच्या खुराड्यात रंगाला तोटा नव्हता. तांबडी, काळी, भुरी, चितळी, कवडी, तुऱ्याची, उघड्या मानेची. सगळ्या 'गावरान'च. आजी त्यांना रंगावरूनच ओळखायची. "भुरी खुडूक झालीय, कवडी तलंग आता अंड्यावर येईल." कोंबडीचा पैसा हा बाईचा पैसा होता. मीठ-मिरची, पोरांची वही, माहेरी जायचं एसटीचं भाडं त्यातून निघायचं. पुरुष त्यात हात घालत नसत. एखादीकडे कोंबडी नसेल तर दुसरी तिला अर्धलीनं द्यायची. पिलं झाली की निम्मी तुझी, निम्मी माझी.

रंगाची किंमत तेव्हाही होती, पण वेगळ्या कारणानं. राखणीचा कोंबडा ठरलेल्या रंगाचा लागायचा. उताऱ्याला काळी कोंबडी. आणि भगतानं 'उलट्या पिसांची' मागितली की घरचे चार गावं पालथी घालायचे आणि मालकीण सांगेल तो भाव द्यायचे. कार्ल्याच्या एकवीरेला येणारे कोळी बांधव कोंबडं निवडतानाही तुरा, शेपूट, रंग बघतात. म्हणजे 'दुर्मिळ रंगाला जास्त पैसे' ही गोष्ट आपल्याला इंटरनेटनं शिकवलेली नाही. फरक एवढाच की आजी उलट्या पिसांची कोंबडी विकायची, 'उलट्या पिसांच्या कोंबडीचं युनिट' विकायची नाही.

अजून एक गोष्ट, जी मावळात राहून आपल्याला माहीत नसते. राजमाची, तुंग, तिकोना, लोहगडाच्या रानात पहाटे जो रानकोंबडा ओरडतो, तो राखी रानकोंबडा. मानेच्या पिसांवर मेणासारखे पिवळसर ठिपके असतात. त्या ठिपक्यांच्या पिसांना एके काळी विलायतेत मोठी मागणी होती; सॅल्मन मासा गळाला लावण्यासाठी जी खोटी माशी बनवतात, तिच्यात ती वापरत. आता त्याला हात लावणं हा वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे इथंच सांगून ठेवतो. पण खरी गंमत पुढे आहे. पाळीव कोंबडी मूळची लाल रानकोंबड्यापासून आली, हे डार्विनपासून मानलं जातं. २००८ साली स्वीडनच्या उप्सालाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांमध्ये तो पिवळेपणा लाल रानकोंबड्याचा नाही, राखी रानकोंबड्याचा आहे. हा पक्षी भारतातच सापडतो, मुख्यतः पश्चिम आणि दक्षिण भारतातल्या डोंगररानात. म्हणजे अमेरिकेतल्या पिवळ्या पायांच्या कोंबडीच्या अंगातही आपल्याकडच्या रानकोंबड्याचा एक गुण आहे. आणि आपण मात्र 'इंपोर्टेड ब्लडलाईन'ला पैसे मोजतोय.

आता त्या ब्रह्मा कोंबडीचं बघा. १८४० च्या दशकात चीनच्या बंदरांतून मोठ्या अंगाच्या, पायावर पिसं असलेल्या कोंबड्या इंग्लंड-अमेरिकेत पोचल्या. व्हिक्टोरिया राणीच्या खुराड्यातही गेल्या. लोक वेडे झाले. १८४९ साली बोस्टनमध्ये कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं, हजारोंनी गर्दी केली. त्या काळाला पुढे नावच पडलं, 'हेन फीवर', कोंबडीज्वर म्हणा. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या एका अमेरिकन विक्रेत्यानं १८५२ च्या डिसेंबरात नऊ करड्या कोंबड्या राणीला भेट पाठवल्या. पेपरात छापून आलं. आणि त्याच्या जोडीचा भाव १२-१५ डॉलरवरून १०० ते १५० डॉलरवर गेला. कोंबडी तीच. फक्त बातमी आली होती.

नावांचाही खेळ होता. कोचीन म्हणून विकली ती शांघायची. ब्रह्मा हे नाव आपल्या ब्रह्मपुत्रेवरून घेतलं, पण पक्षी मुख्यतः शांघायचा, त्यात चितगावकडच्या कोंबडीचं रक्त मिसळलेलं. लांबच्या देशाचं नाव लावलं की भाव चढतो, हे तेव्हाच कळलं होतं. पुढे ज्वर उतरला. ज्यांनी शेवटी शेवटी महागाच्या जोड्या घेतल्या, त्यांच्या हातात कोंबड्या राहिल्या. आणि बर्नहॅमनं १८५५ साली चक्क 'हेन फीवरचा इतिहास' म्हणून पुस्तक लिहिलं, लोकांना कसं येडं केलं याचं हसत हसत वर्णन करणारं. पुस्तकही विकलं त्यानंच!

आपल्याकडे मधल्या काळात उलटंच घडलं. रंग संपवायचं काम झालं. सरकारी फार्मांतून आधी पांढरी लेगहॉर्न आणि तांबडी ऱ्होड आयलंड रेड आली. ज्याला आपली म्हातारी माणसं 'विलायती' म्हणायची. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, ही दोनशेच्या पुढे. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे तिचं मुख्यालय पुण्यात आलं. १९८२ साली अंड्याचा भाव ठरवायला उत्पादकांची समन्वय समिती उभी राहिली. पुणे हे देशाच्या पोल्ट्रीचं मोठं केंद्र झालं. मावळात भाताच्या खाचरांच्या कडेला लांबलचक पत्र्याच्या शेड दिसू लागल्या. या धंद्यानं अनेक घरं उभी केली, ते नाकारायचं कारण नाही. अंडं गरिबाच्या ताटात आलं तेही यामुळंच. पण या धंद्यात रंगाला किंमत शून्य. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या एका वयाच्या, चाळीसेक दिवसांत दोन किलोच्या.

आणि मग शहराला पांढऱ्याचा कंटाळा आला. 'गावरान' हा शब्द पाटीवर आला. जुन्या हायवेवर तळेगावपासून खंडाळ्यापर्यंत पाट्या मोजा. आखाडात तर विचारू नका. एवढं गावरान येणार कुठून? म्हणून रंगीत सुधारित जाती आल्या. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या संशोधन केंद्राची वनराज. त्यांची पिसं मुद्दाम रंगीबेरंगी ठेवली गेली, कारण खेड्यातलं गिऱ्हाईक पांढरी कोंबडी परसात घेत नाही. पुढे डीपी क्रॉस, कावेरी वगैरे पक्षी आले. वाईट नाहीत. शेतकऱ्याला त्यात दोन पैसे मिळतात. पण हॉटेलात तुमच्या ताटात 'गावरान' म्हणून बहुतेक वेळा तेच असतं. रंग हे पाटीसारखं झालं. आत काय आहे ते वेगळंच.

याच हवेत कडकनाथ आला. खरा कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूरकडच्या भिल्ल-भिलालांनी सांभाळलेला पक्षी. तिकडे त्याला कालीमासी म्हणतात. त्यातही तीन रंग आहेत, संपूर्ण काळा, पेन्सिलच्या रेघांसारखी पिसं असलेला आणि सोनेरी छटेचा. कातडी, मांस, हाडाचं आवरणसुद्धा काळपट. अंडं मात्र काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. ज्यांनी 'काळं अंडं' म्हणून फोटो पाठवले त्यांनी लक्षात घ्या. काळेपणा येतो तो एका जनुकीय बदलामुळं, आणि चीनच्या सिल्कीतही नेमका तोच बदल आहे. हा गुण वरचढ असतो. त्यामुळं साध्या कोंबडीशी संकर झाला तरी पिलं बऱ्यापैकी काळी निघू शकतात, आणि ती 'शंभर टक्के प्युअर' म्हणून विकता येतात. पाच-सहा महिन्यांत वजन सव्वा किलोच्या आसपास, वर्षाला अंडी शंभराच्या मागेपुढे. म्हणजे भाव चांगला असला तरच परवडणारा पक्षी.

२०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी छत्तीसगडच्या दंतेवाड्यानंही हक्क सांगितला होता, दोन राज्यांत कोंबडीवरून भांडण झालं. पेपरात रकाने भरले. माझी बातमीही त्याच लाटेतली. पण त्या मानांकनाचा सरळ अर्थ कुणी सांगितला नाही, मीही नाही. मानांकन हे त्या भागातल्या मालाला असतं. मावळात, वाळव्यात किंवा वाईत वाढवलेल्या पक्ष्याला त्या नावाचा हक्क मिळत नाही. कागद झाबुआला मिळाला, आणि त्याचा फोटो दाखवून पैसे आपल्याकडे गोळा झाले.

पुढचं बहुतेकांना आठवत असेल. सांगली जिल्ह्यात इस्लामपूरची महारयत ॲग्रो ही कंपनी. तुम्ही पैसे भरा, आम्ही पिलं, खाद्य, औषध देतो, अंडी आणि पक्षी आम्हीच विकत घेतो, अशी योजना. अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी पैसे भरले. २०१९ मध्ये खरेदी थांबली, खाद्य थांबलं, गुन्हे दाखल झाले, शेकडो कोटींचे आकडे पेपरात आले. त्याच सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांची महाजनादेश यात्रा सांगली जिल्ह्यात आली तेव्हा ताफ्यावर कडकनाथ कोंबड्या भिरकावल्या गेल्या. ते दृश्य टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. लोक हसले. ज्यांच्या शेडमध्ये पाचशे पक्षी उपाशी ओरडत होते, त्यांना हसू आलं नाही.

आमच्याकडचे ते लग्नात भेटलेले गृहस्थ या कंपनीचे नव्हते, दुसऱ्याच एका छोट्या पार्टीकडे त्यांनी पैसे भरले होते. पण पद्धत तीच. मी नंतर त्यांच्यासोबत बसून हिशेब मांडला, जो आधी मांडायला हवा होता. पहिल्या शेतकऱ्याची अंडी कंपनी पन्नास रुपयांनी घेत होती. ती खात कोण होतं? कुणीच नाही. ती उबवणी यंत्रात जात होती आणि त्यातली पिलं दुसऱ्या शेतकऱ्याला 'युनिट' म्हणून जात होती. दुसऱ्याच्या ठेवीतून पहिल्याचे पैसे. तिसऱ्याच्या ठेवीतून दुसऱ्याचे. जोवर नवा शेतकरी येतोय तोवर अंड्याला पन्नास. येणं थांबलं की तेच अंडं पाच रुपयांनाही कुणी विचारत नाही. २०१२ मध्ये तमिळनाडूत पेरुंदुराईच्या इमू कंपनीचं नेमकं हेच झालं होतं. आपल्याकडेही इमूच्या मोकळ्या जाळ्या बरीच वर्षं दिसत होत्या. म्हणजे सहा-सात वर्षांपूर्वीचा धडा समोर होता. आपण पक्षी बदलला आणि पुन्हा तिथंच गेलो.

कडकनाथ वाईट होता का? अजिबात नाही. झाबुआत आजही तो चालतो. २०२० मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याकडे धोनीनं दोन हजार पिलं मागवल्याची बातमी आली होती. ज्यांनी कंपनी सोडून स्वतःचं गिऱ्हाईक धरलं, पन्नासच पक्षी ठेवले, ते आपल्याकडेही टिकले. बुडाले ते पक्ष्यामुळं नाही.

आता त्या तरुणाच्या निळ्या कोंबडीकडे येतो. चहा पिता पिता मी त्याला विचारलं, निळी-निळी जोडी लावली तर पिलं कशी होतील? म्हणाला, निळीच ना! नाही. हा निळा रंग म्हणजे काळ्याची अर्धी पातळ छटा असते. निळा नर आणि निळी मादी लावली तर सरासरी चार पिलांत दोन निळी, एक काळं आणि एक पांढुरकं ठिपक्याचं निघतं. शंभर वर्षांपूर्वीच हे अंदालुसियन जातीच्या कोंबडीवर सिद्ध झालंय, पुस्तकांत छापलंय. निळं-निळं लावून कायमची निळी जात बनत नाही. म्हणजे तुझी निम्मी पिलं पहिल्या दिवशीच 'फोटोतली' नाहीत. जो जोडी विकतो तो हे सांगत नाही, कारण त्याला अंडं विकायचं नाही, जोडी विकायची आहे. सगळ्याच रंगांचं असं नसतं. लव्हेंडर म्हणतात तो फिकट रंग लव्हेंडर-लव्हेंडर लावला तर टिकतो. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून विकणाऱ्याला विचारायचं, "याची आई-बाप आणि भावंडं दाखव." जो भावंडं दाखवत नाही, त्याच्याकडून घेऊ नको.

दुसरं विचारलं, पावसाळ्यात काय करणार? आपल्या लोणावळ्याचा पाऊस. पायावर पिसं असलेली ब्रह्मा आणि पाऊस न झटकता येणारी सिल्की. ओल्या भुशात उभी राहिली की पाय सडतात. आणि मानमोडी आली तर ती गावरान-फॅन्सी बघत नाही. लासोटा लस वेळेवर दिली नाही तर आठ हजाराची जोडी आणि शंभराची कोंबडी एकाच खड्ड्यात जातात.

खड्ड्यावरून एक आठवलं, तेही सांगितलं पाहिजे. राष्ट्रीय नोंदणीत महाराष्ट्राच्या नावावर असलेली कोंबडी आहे बुसरा. गुजरातसोबत वाट्यानं. नंदुरबार, धुळ्याकडची आदिवासी घरांतली, लहान चणीची, नाना रंगांची. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात, म्हणजे बुसराच्या घरातच. पोल्ट्र्यांमधले लाखो पक्षी मारले, आणि आसपासच्या परसातल्या कोंबड्याही. रोग थांबवायला ते करावं लागलं असेल. पण पोल्ट्रीवाला पुन्हा हॅचरीतून पिलं आणतो. परसातल्या बाईची चार पिढ्यांची भुरी-कवडी कुठल्या हॅचरीत मिळणार? आज आपण कडकनाथचं नाव पोराटोरांच्या तोंडून ऐकतो. बुसरा हे नाव ही पोस्ट वाचण्याआधी तुमच्यातल्या किती जणांनी ऐकलं होतं?

म्हणून वाटतं, रंग जपायचा तर तो आजीच्या पद्धतीनं. स्त्री-पशुवैद्यकांनी सुरू केलेल्या अंथ्रा या संस्थेनं आंध्रातल्या पूर्व गोदावरीच्या आदिवासी बायकांसोबत असील कोंबडीवर असंच काम केलं. पैसे वाटले नाहीत, कोंबडी वाट्यानं दिली. पिलं झाली की काही परत, ती पुढच्या बाईला. आपली अर्धलीच! त्यात ना कर्ज, ना युनिट, ना कंपनी. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटी कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यातली जवळपास ३१ कोटी ७० लाख परसातली. आणि आधीच्या गणनेपेक्षा परसातल्याच पक्ष्यांची वाढ जास्त, ४५ टक्क्यांच्या वर. म्हणजे खुराडं मेलेलं नाही. फक्त त्याची बातमी होत नाही, कारण त्यात विकायला 'स्कीम' नसते.

त्या तरुणाला शेवटी मी एवढंच सांगितलं. कर्ज काढू नको. दोन जोड्या घे, स्वतः बघून घे. एक पावसाळा काढ. पहिली दहा पिलं ज्यांना विकशील ती माणसं कोण आहेत ते वहीत लिही. दहाच्या दहा जणांनी पुढे पिलं विकण्यासाठीच घेतली असतील, तर समज की हा ज्वर आहे. त्यातल्या चार जणांनी नुसती अंगणात हौसेनं ठेवली किंवा खाल्ली, तर तो धंदा आहे. वही घेऊन ये, मग बातमी लावतो. तो जरा नाराज होऊन गेला. दुसरीकडे कुणी रील बनवून देईलही. पण ते कात्रण पाकिटात ठेवणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्या गृहस्थांची माफी मी समोरासमोर मागितली आहे, आज इथंही मागतो.

आणि एक काम तुमच्यासाठी. नाणे मावळ, अंदर मावळ, पवन मावळ, कुठंही, कुणाच्या घरी उलट्या पिसांची, उघड्या मानेची किंवा पिढ्यानपिढ्या घरातच असलेली एखाद्या खास रंगाची कोंबडी असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव आणि तुमच्याकडे त्या रंगाला काय म्हणतात तो शब्द लिहा. फोटो असेल तर टाका. भाव लिहू नका, इथं विक्री नाही. मी फक्त यादी करतोय. मावळात अजून किती रंग शिल्लक आहेत, ते एकदा मोजून ठेवू.